सिस्टरच्या गाण्यातले सत्तावीस सेकंद

"हा माझा आवाज न्हाई," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

मी त्यांच्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. स्क्रीनवर गाणं नीट चालू होतं. कुठे अडकत नव्हतं, खरखर नव्हती. आठ दिवस दुकानात ठेवून मी तो कॉम्प्युटर तयार केला होता आणि त्या दिवशी सकाळी गाडीवर बांधून परभणीहून झरीला आणला होता. काम झालं, चहा घ्यायचा आणि निघायचं, असा माझा बेत होता.

"सिस्टर, फाइल तीच आहे. तुमच्याच जुन्या डिस्कमधून घेतली."

"फाइल आसंल तीच. आवाज माझा न्हाई."

सिस्टर म्हणजे मंगलाबाई. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स. आसपासच्या चार-पाच गावांत त्यांना मंगलाबाई कुणी म्हणत नाही, सगळे सिस्टरच म्हणतात. बुद्धविहारात, जयंतीला, नामकरणाला, लग्नाला त्यांची गाणी ठरलेली. त्यांचे मिस्टर दादाराव पेटीवर. दीड वर्षापूर्वी सिस्टरचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, तब्येत सुधारली, पण आवाज घोगरा झाला. वरचा सूर लागेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता एवढाच.

ऑपरेशनच्या आधी घरातच रेकॉर्ड केलेली अकरा गाणी तेवढी राहिली होती. त्यात त्यांचा गळा, दादारावांची पेटी आणि मागे छताच्या पंख्याची घरघर. विहारातल्या मुलींना ती गाणी त्याच चालीवर शिकवायची होती. गाऊन दाखवणं आता जमत नव्हतं, म्हणून रेकॉर्डिंगवरूनच शिकवायचं, असं सिस्टरनी ठरवलं होतं. नव्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये पंख्याचा आवाज वेगळा काढून टाकता येतो आणि वरून ढोलकी भरता येते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. पण ते सॉफ्टवेअर त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर चढेना.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. हे काम तसं नेहमीचं. मशीन जुनं होतं, पण मदरबोर्ड, म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसतं तो मुख्य बोर्ड, दणकट होता. विंडोज मात्र ३२ बिटचं. त्याला चार जीबीच्या वर मेमरी वापरता येत नाही, आणि नवं सॉफ्टवेअर फक्त ६४ बिटवर चालतं. मी जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला जपून ठेवली. नवी एसएसडी बसवली. ही डिस्कच, पण आत फिरणारी चकती नसते, म्हणून वेगाने चालते. रॅम, म्हणजे मेमरी, सोळा जीबी केली. ६४ बिट विंडोज टाकलं. माइक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक छोटा डबा असतो, त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. तो विंडोजला ओळखता यावा म्हणून लागणारा नवा ड्रायव्हर शोधायला दोन दिवस गेले. तो मिळाला आणि सगळं सुरू झालं.

आणि आता सिस्टर म्हणत होत्या, हा आवाज माझा नाही.

"कसा वाटतो? दबलेला? खरखर येते का?"

"न्हाई हो. साफ हाय. लय साफ हाय. पण पोरीसारखा लागायलाय. मी अशी गात नव्हते."

मला संगीतातलं काही कळत नाही. मला तो आवाज चांगला वाटत होता. पहिला संशय पंख्याचा आवाज काढणाऱ्या भागावर गेला. तो बंद केला. सिस्टरनी ऐकलं, मान हलवली. हेडफोन बदलला. स्पीकर लावले. ड्रायव्हर काढून परत टाकला. प्रत्येक वेळी त्या शांतपणे ऐकायच्या आणि नाही म्हणायच्या. दोन तास गेले. माझी मती गुंग झाली. बिघाड दिसत असला तर काढता येतो. इथे मला बिघाडच दिसत नव्हता.

मी दादारावांना अंगणात घेऊन गेलो आणि हळूच म्हणालो, "दादा, ऑपरेशननंतर कधी कधी माणसाला आपलाच जुना आवाज ओळखू येत नाही. सवय जाते."

आतून सिस्टरचा घोगरा आवाज आला, "साहेब, ऑपरेशन गळ्याचं झालंय. कानाचं न्हाई."

मी खाली मान घालून आत आलो. सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मला बी तसंच वाटायलंय कधीपासून. मीच विसरले की काय माझा आवाज? विसरले आसंल तर पुसून टाका सगळं. पोरींना गलत शिकवण्यापेक्षा न्हाई शिकवलेलं बरं."

हे ऐकून मी हादरलो. इतकी वर्षं गाणारी बाई स्वतःच्या कानावर संशय घ्यायला लागली होती, आणि त्यात मी भर घातली होती.

मी म्हणालो, "पुसायचं नाही. एक करून बघू. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा."

तेच गाणं मी आधी नव्या सॉफ्टवेअरमधून लावलं, मग विंडोजच्या साध्या प्लेअरमधून. कुठून लावतोय ते सांगितलं नाही. साध्या प्लेअरमधला आवाज सुरू झाला तशा सिस्टर वळून बघायला लागल्या. "हा! हा हाय माझा." पुन्हा उलटसुलट लावलं. सहा वेळा. सहाही वेळा त्यांनी बरोबर ओळखलं. चौथ्या-पाचव्या वेळेला मलाही काहीतरी वेगळं जाणवलं, पण काय, ते सांगता येत नव्हतं.

आता तर मी जास्तच चक्रावलो. फाइल एक, स्पीकर एक, आणि बाई दोन!

दादारावांनी पेटी काढली. "थांबा सर. ह्या गाण्यात माझी पेटी हाय. तिच्यासंगं वाजवून बघतो." गाणं काळी चारचं होतं. पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांतली चौथी, तिला सा धरून गायलेलं. साध्या प्लेअरवर त्यांची पेटी गाण्याला बरोबर चिकटली. मग मी नव्या सॉफ्टवेअरमधून लावलं. दादाराव एक पट्टी दाबायचे, दुसरी दाबायचे, कपाळाला आठ्या घालायचे.

"काय झालं?"

"पांढरी सहाच्या वर चाललंय आन् काळी पाचच्या खाली. मधीच. आशी पट्टी पेटीत न्हाईच! माझ्याच पेटीशी माझी पेटी जुळंना."

सिस्टर इतका वेळ मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. नाडी मोजायची जुनी सवय. गाणं संपलं तशा म्हणाल्या, "पाच मिनिटं तीन सेकंद. हे गाणं साडेपाच मिनिटांचं हाय. वहीत लिवलंय."

वही आणली. साडेपाचच. साध्या प्लेअरवर लावलं, साडेपाच. सॉफ्टवेअरमध्ये पाच-तीन. सत्तावीस सेकंद कमी. एक कडवं कापलं गेलं नव्हतं, एक शब्द गळाला नव्हता. मग सेकंद गेले कुठे?

गाणं पळत होतं, एवढं आता उघड होतं. मी मोबाइलवर दोन्ही वेळांचा भागाकार केला आणि फाइलची माहिती उघडली. तिथे लिहिलं होतं ४४,१००. सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात, जिथे मी आठ दिवसांत एकदाही बघितलं नव्हतं, तिथे ४८,००० होतं. या दोन आकड्यांचा भागाकार त्याच्याशी जुळला.

मग आठवलं. दुकानात पहिली फाइल आत घेताना एक खिडकी उघडली होती. फाइलचा वेग प्रोजेक्टच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये उघडलेल्या या कामाच्या, वेगाशी जुळत नाही, बदलून घेऊ का? मूळ फाइलला धक्का लागायला नको म्हणून मी 'नो' दाबलं. वर 'पुन्हा विचारू नका' यावरही टिक केलं. उरलेल्या दहा फाइली मग गुपचूप आत गेल्या.

मी सांगायचा प्रयत्न केला. "कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे करून ठेवतो. तुमचे सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे ठेवले होते. हा नवा प्रोजेक्ट सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वाजवतोय. म्हणून गाणं लवकर संपतं आणि आवाज वर चढतो."

सिस्टर म्हणाल्या, "म्हंजे बाटली तीच, थेंब फास्ट सोडले. सलाईन लवकर संपणारच की."

इतकं सोपं मला सांगता आलं नसतं.

नवा प्रोजेक्ट ४४,१०० वर उघडला. अकराही फाइली पुन्हा आत घेतल्या. लांबी बघितली, पाच मिनिटं तीस. गाणं लावलं. दादारावांनी काळी चार धरली आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. सिस्टर डोळे मिटून बसल्या होत्या. ओठ हलत होते, आवाज काढत नव्हत्या. गाणं संपल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "जेवून जाता ना?"

मी म्हणालो, "सिस्टर, ते अंगणात बोललो, माझं चुकलं."

"पेशंटला विचारल्याबिगर औषध बदलत बसलात तुमी. आमच्यात बी हायत तसले डॉक्टर," त्या म्हणाल्या आणि भाकरी टाकायला उठल्या.

गाण्यांमागची घरघर पुढच्या पंधरा दिवसांत निघाली. ढोलकीही भरून झाली. मुली आता त्यावर शिकतात. मध्ये सिस्टरचा एकदा फोन आला होता, तिसऱ्या गाण्यात ढोलकी लय मोठी झालीय म्हणून. यावेळी मी वाद घातला नाही. उघडून बघितलं, तर खरंच मोठी होती.

तेव्हापासून दुकानात मशीन आलं की गिऱ्हाईक काय म्हणतं ते मी त्याच्याच शब्दांत आधी लिहून घेतो. पटो न पटो. आणि कॉम्प्युटरने विचारलेला प्रश्न समजला नाही, तर 'नो' दाबणं म्हणजे सावधपणा असं आता समजत नाही. तेही एक उत्तरच असतं, आणि ते चुकू शकतं.