एकशेवीस निरोगी माणसं

ल्याव बी-यूनला एकशेवीस निरोगी माणसं हवी होती. तैवानच्या युनलिन भागातल्या त्या छोट्या इस्पितळात ती तीस वर्षं रक्त तपासत आली होती. पण मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन इवल्या ग्रंथी नीट काम करतात का, हे सांगणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची नॉर्मल मर्यादा मात्र मशीनच्या पुस्तकातली, म्हणजे परक्यांच्या रक्तावरून ठरलेली. आपल्या माणसांचा आकडा आपणच काढायचा, हे तिने मनावर घेतलं. देवळाच्या भोंग्यावरून पुकारा झाला आणि सकाळी आठला उपाशीपोटी रांग लागली. सगळ्यांत पुढे तिची एकोणऐंशी वर्षांची आई.

आकडे आले आणि बी-यून चक्रावली. सतरा जणांचं कॉर्टिसॉल अगदी तळाला.

"आपल्याकडचे लोक असेच असतील," प्रमुख डॉक्टर खो म्हणाले. "त्यांनाही धरून टाका, ल्याव बाई. मर्यादा जरा खाली येईल, एवढंच."

"आणि उद्या खरा आजारी आला, तर त्याला ठणठणीत म्हणून घरी पाठवायचं?"

फॉर्मवर सतराही जणांनी 'औषध घेत नाही' असं लिहिलं होतं, आणि खोटं कोणीच बोललं नव्हतं. बी-यून स्कूटरवरून घरोघर गेली आणि प्रश्न बदलून विचारू लागली, "शक्तीसाठी काय घेता?" मग डब्या बाहेर आल्या. रेडिओवरचा एक गोडबोल्या विकायचा त्या गुडघ्यांच्या काळ्या गोळ्या. तपासल्या तर आत स्टेरॉइड, कॉर्टिसॉलचंच काम करणारं. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर ग्रंथींनी अंग काढून घेतलं होतं.

सतरावी डबी तिच्याच घरात निघाली, आईच्या उशाशी.

"ते औषध नाही, खुराक आहे," आई फणकारली. "त्याच्या जोरावर भुईमूग उपटते मी. शिवाय तो पोरगा रोज रेडिओवरून विचारतो, आई, जेवलीस का? तू विचारतेस?"

बी-यूनला ते फार लागलं. तरी यादीतलं आईचं नाव तिने खोडलंच.

"गोळ्या एकदम बंद करू नकोस, जिवावर बेतेल. उद्या डॉक्टरांकडे चल, ते हळूहळू कमी करतील."

"म्हणजे मी आजारी?"

"हो."

दुसऱ्या दिवशी बी-यून त्या सतरा जणांच्या जागी नव्या माणसांसाठी फॉर्म घेऊन निघाली, तेव्हा आई रुग्णांच्या बाकावर फुगून बसली होती आणि येईल त्याला ऐकवत होती, "पोटच्या पोरीने नापास केलं बघा मला. ह्या गोळ्यांपायी."

शेजारच्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने पिशवीतून हळूच आपली डबी काढली, मग दुसरीने. पहिली कचऱ्याच्या टोपलीकडे वळली, तशी आईने तिचा हात धरला.

"फेकू नकोस गं, जिवावर बेतेल. माझी मुलगी सांगते, तिला कळतं त्यातलं."