पंखाला लटकलेली माणसं

मुंबईतल्या एका फ्लाइंग क्लबात मी विमान चालवायला शिकत होतो, तेव्हाची ही गोष्ट. आठवडाभर कचेरीत कारकुनी करायची आणि रविवारी उडायचं, असं माझं चाललं होतं. साठचं दशक निम्मं सरलं होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं खोदकाम सुरू झालं होतं आणि हिरव्या वाड्यांशेजारी उघडी पडलेली ती माती वरून लांबूनच ओळखू येई. आम्हा शिकाऊ लोकांना ती फार सोयीची खूण होती. आमच्या विमानांत रेडिओ नव्हता. जाताना समुद्र डाव्या हाताला, रेल्वेचे रूळ उजव्या हाताला, एवढ्यावर सुरतेपर्यंत जाऊन यायचं.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी ती फेरी पहिल्यांदाच एकटा करत होतो. निघताना आभाळ निरभ्र होतं. डहाणू मागे पडलं आणि समोर ढग खाली, अगदी झाडांपर्यंत टेकलेले दिसले. मी विमान वळवलं. तारापूर दिसू लागलं तेव्हा कळलं की दक्षिणेकडे, केळवे-सातपाटीच्या बाजूलाही किनारा पुसून गेलाय. इंजिन ठणठणीत होतं, पेट्रोल भरपूर होतं. अशा वेळी काय करायचं ते आमच्या शिक्षकांनी घोटून घेतलं होतं. सगळं हाताशी आहे तोवरच जागा निवडायची आणि उतरायचं. अंगावर आल्यावर उतरलं तर त्याला उतरणं म्हणत नाहीत, पडणं म्हणतात.

खाली चिंचणीच्या पुढचा एक कोळीवाडा होता. ओहोटी लागली होती आणि पाण्याच्या कडेला ओल्या, घट्ट वाळूचा लांबलचक पट्टा उघडा पडला होता. मी एकदा खालून जाऊन तो पाहून घेतला. वरच्या कोरड्या वाळूत बायका वाकून काहीतरी भराभर गोळा करत होत्या. विमान पाहून त्या थबकल्या. दुसऱ्या फेरीला मी उतरलो. चाकं टेकली, विमान दोनदा उसळलं आणि थांबलं. इंजिन बंद केल्यावर लाटांचा आवाज आला आणि मला हसू फुटलं. इतकं चांगलं मी त्याआधी कधी उतरलो नव्हतो.

दार उघडून खाली पाय ठेवतो तोच वारा आला. आमचं ते विमान म्हणजे पंखांवर कापड ताणलेली एक हलकी चीज. डावा पंख उचलला गेला तसा मी धावत जाऊन त्याच्या खालच्या तिरप्या दांडीला लटकलो. माझे पाय वाळूवरून सुटले.

"धरा! कुणीतरी या, धरा!" मी ओरडत सुटलो.

तेवढ्यात एक म्हातारा पुढे आला. पूर्वी तो होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता, हे मला नंतर कळलं. त्याने क्षणभर विमानाकडे पाहिलं आणि मागे वळून हाक दिली, "धावा गो! धरा त्याला, नायतर उलटंल!"

तरणे पुरुष सगळे होड्या घेऊन समुद्रात गेले होते. आल्या त्या बायका आणि चारदोन म्हातारे. कुणी दांडीला धरलं, कुणी शेपटीवर ओणवं झालं, दोघी जणी चाकांना मिठी मारून बसल्या. मग पाऊस आला. वळवाचा पाऊस, जाड थेंबांचा, आडवा मारणारा. म्हातारा होडीवरचा दोर आणि लोखंडी नांगर आणायला गेला.

माझ्या शेजारी दांडीला लटकलेली बाई तिशीची असेल. ती सारखी मान वळवून वरच्या वाळूकडे बघत होती. एकदम तिने हात सोडले आणि ती त्या दिशेने पळाली.

आमच्या बाजूचा पंख पुन्हा उचलला जातोय असं वाटलं मला. मी दांडी सोडून तिच्यामागे धावलो, तिचं मनगट पकडलं आणि खेचलं. "जातेस कुठे? आधी हे धर! समजत नाही का?" असं काहीतरी मी बोललो. कचेरीत साहेब शिपायावर ओरडतो तसा माझा आवाज होता. आयुष्यात तोवर मी कुणावर असा ओरडलो नव्हतो.

"माजा जवला उघड्यावर हाय!" ती म्हणाली.

मी हात सोडला नाही. माझ्या मुठीत काहीतरी कचकन मोडलं. तिने मनगटाकडे पाहिलं. दोन हिरव्या बांगड्या पिचल्या होत्या. मग तिने समुद्राकडे पाहिलं. तिचा नवरा त्या पावसात कुठेतरी होडीवर होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण त्या नजरेचा अर्थ कळायला माहिती लागत नव्हती. परत येऊन तिने दांडी धरली आणि पाऊस थांबेपर्यंत सोडली नाही.

नांगर वाळूत रोवून विमान बांधून झालं. पाऊस आला तसा गेला. भरतीच्या आधी विमान वर नेणं भाग होतं, तेही सगळ्यांनी रेटून नेलं. मग बायका आपापल्या जागी गेल्या आणि त्या आधी काय गोळा करत होत्या ते मी पाहिलं. दांड्यांवर वाळत घातलेले बोंबील चिंब होऊन लोंबत होते. खाली जाळ्यावर पसरलेला बारीक कोलंबीसारखा जवळा पावसाने धुऊन वाळूत गेला होता. आठवड्याभरात मासेमारी बंद होऊन होड्या पावसाळ्यापुरत्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या होत्या. हीच त्यांची पावसाळ्याची बेगमी. मी आलो नसतो तर ती त्यांनी वाऱ्याआधी घरात नेली असती. माझं कापडी विमान वाचवायला त्यांनी ती तशीच टाकली होती. ती बाई गुडघ्यांवर बसून वाळूतून ओला जवळा वेचत होती. मी दहा पावलांवर उभा होतो. तिथे जाऊन तिच्याबरोबर वेचायला बसावं, एवढंसुद्धा मला जमलं नाही.

म्हाताऱ्याने मला आपल्या घरी नेलं, कोरडं धोतर दिलं. चहा घेऊन जी बाहेर आली ती तीच बाई होती, त्याची सून. कप हातात घेताना मी तिच्या मनगटाकडे बघायचं टाळलं. म्हातारा विमानाबद्दल विचारत होता.

"काय मोडला होता काय त्याचा?"

"नाही. सगळं चांगलं होतं."

"मग?"

"पुढे आभाळ वाईट होतं."

"हुशार हायस," तो म्हणाला. "आमी बी असेच परततो. मरायची हौस कोणाला हाय?"

मी कप खाली ठेवला. ती पुन्हा पुन्हा उंबऱ्यापर्यंत येऊन समुद्राकडे बघून आत जात होती. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होतो की होडी येऊ दे. तिच्या नवऱ्यासाठी म्हणत होतो की माझ्यावर ते पाप येऊ नये म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

दिवस मावळता मावळता भरतीबरोबर होड्या आत आल्या. सगळ्या आल्या. तिचा नवरा भिजलेला, हसतच घरात शिरला. वाटेत त्याने विमान पाहिलं होतं. पाटावर बसताना त्याची नजर बायकोच्या हाताकडे गेली.

"बांगड्या कुठं गेल्या?"

"इमान वडताना पिचल्या," ती म्हणाली आणि त्याला भात वाढू लागली. मग मला वाढला. मी मान वर केली नाही.

म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून एक जण वाणगाव स्टेशनावर जाऊन क्लबाला निरोप देऊन आला होता. सकाळी शिक्षक गाडीने आले. त्याआधी ती विहिरीवरून येत असताना मी तिला गाठलं.

"माझ्यामुळे तुमची मासळी गेली," मी म्हणालो.

"पाऊस काय तू आनलास?" घागर कमरेवर सावरत ती म्हणाली. दोन पावलं पुढे जाऊन थांबली. "पन हात नव्हता धरायचा. नीट सांगितला असतास तरी मी थांबले असते."

चुकलं, एवढं म्हणायला हवं होतं. मी नुसती मान हलवली आणि ती गेली.

शिक्षकांनी विमानाभोवती फिरून सगळं तपासलं, वाळूतले चाकांचे माग पाहिले आणि माझी पाठ थोपटली. म्हाताऱ्याला त्यांनी दोराचे, जेवणाचे पैसे विचारले. "बुडत्याला काढायचा कोनी भाडा घेतो काय?" तो म्हणाला. मासळीबद्दल तो बोलला नाही. मीही बोललो नाही, आणि शिक्षकांच्या ते लक्षात येण्याचं काही कारण नव्हतं. दुपारी ओहोटीला त्या सगळ्यांनी पुन्हा विमान ढकलून पट्ट्यावर आणलं. शिक्षक चालवायला बसले, मी शेजारी. खाली लोक हात हलवत होते. मी समोरच्या उंची-वेगाच्या घड्याळांकडे बघत राहिलो.

पुढच्या रविवारी क्लबात शिक्षकांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "उतरायचं कधी हे याच्याकडून शिका," ते म्हणाले. मी ढगांची उंची सांगितली, वाळू कशी पारखली ते सांगितलं, कोळ्यांनी फार मदत केली असंही सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत उभं राहून मी हसलोसुद्धा.

पावसाळा संपल्यावर एका सुट्टीला मी वाणगावला उतरलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. फलाटावरून मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका चालल्या होत्या. त्या तिच्याच गावच्या असतील किंवा नसतीलही. एकीने मला घुटमळताना पाहून विचारलं, "कुठं जायचा हाय, दादा? चिंचनीची एस्टी भाईर उभी हाय."

"कुठे नाही," मी म्हणालो.

एस्टी निघून गेल्याचा आवाज आला, तरी मी बाकावर बसून होतो. मग मुंबईकडची गाडी आली आणि मी तिच्यात चढलो.