गाळून भरलेली बाटली

बालाघाटच्या आमच्या छोट्या ऑफिसात कॉम्प्युटरवर चंदन नदी वाहते. कुठल्या घाटावर पाणी कसं आहे ते तिला सांगायचं, मग घाण कुठून आली आणि कुठवर जाईल ते ती दाखवते. याला मॉडेल म्हणतात. त्यासाठी गावोगावच्या बायका दर सोमवारी आपापल्या घाटावरून एक बाटली भरून बसने पाठवायच्या. रामपायलीच्या खालच्या अंगाला आमचं गाव. तिथली बाटली भरायचं काम आईनं हट्टानं मागून घेतलं होतं. लेकीचं काम म्हणून तिला कोण कौतुक! बाटली मिरवत बसपर्यंत न्यायची.

त्या वर्षी एकच तळं बांधायला मंजुरी होती. नाल्याचं घाण पाणी त्यात अडवायचं, निवळू द्यायचं, मग नदीत सोडायचं. कुठल्या गावात बांधायचं ते मॉडेल पाहून ठरवू, हे मीच बैठका घेऊन सगळ्या गावांकडून कबूल करून घेतलं होतं. मनातून खात्री होती, तळं आमच्याच गावाला मिळणार. आमच्या घाटाला लागूनच तांदळाच्या गिरणीचा नाला नदीत पडतो. तिथे आंघोळ केली की अंगाला खाज सुटते, आणि म्हशीसुद्धा तोंड फिरवतात.

शेवटच्या बैठकीत पडद्यावर नदी उमटली. आमचा घाट हिरवागार, म्हणजे सगळ्यांत स्वच्छ. मी पुन्हा पुन्हा तपासलं, भांडले, आवाज चढवला. पण बाटल्यांचे निकाल तसेच होते आणि शब्द माझाच होता. तळं वरच्या गावाला गेलं. आमच्या गावची माणसं मोटरसायकली काढून निघाली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी घरी जाऊन आईला विचारलं, पाणी भरायचीस कसं?

"पायटे जात होती मी, गिरनीचं पानी सुटाच्या आंधी," ती खुशीत म्हणाली. "नाल्यापासून लांब, मधातल्या धारेतून. पदराची घडी करून गाळून भरलं. बालाघाटले पाठवाचं पानी, बाई! असं कसं घान देऊ? लोकं काय म्हनतीन तुले, हिच्या गावची नदी अशी?"

आमच्याकडे पाहुण्याला पाणी गाळल्याशिवाय देत नाहीत. आईनं तेच केलं होतं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"म्हंजे तळं माह्यामुळं गेलं?"

नाही म्हणायला माझं काय जात होतं? पण बैठकीतला राग अजून डोक्यात होता. "हौ," मी म्हणाले. तो एक शब्द मला अजून छळतो.

पुढचं तळं कधी, कुणी सांगत नाही. आई मात्र सोमवार चुकवत नाही. आता दुपारी जाते, नाल्याच्या तोंडाशी उभी राहून काळपट, वास मारणारं पाणी भरते. बसपर्यंत बाटली पदराखाली झाकून नेते. परवा मी स्वतःच न्यायला गेले, तर माझ्या हातात देतानाही तिनं वरचा पदर काढला नाही.

"बॅगेत टाक लवकर," म्हणाली. "कोनी पाह्यलं त?"