रेवदंड्याच्या वळणावर

हिल्डा रेवदंडकरला मोक्ष नको होता. योगवर्गाच्या चटईवर ती बसायची ते एका वळणापायी.

साल १९६३. तिचा नवरा मेयर आदल्या वर्षी इथे इस्रायलमध्येच, लोद गावी वारला. दोघं मूळची रेवदंड्याची, कोकणातली ज्यू. जेवताना गावच्या गोष्टी उकरून काढायच्या आणि त्यावरून भांडायचं, हाच त्यांचा संसार. आता पोरांना मराठीत हाक मारली तर उत्तर हिब्रूत यायचं. मग हिल्डा मनातच बंदरावर उतरायची आणि घराकडे निघायची. पण वाडीकडे वळताना अडायची. तिथे काहीतरी होतं. काय, ते आठवेना. आज वळण गेलं, उद्या घर जाईल, या भीतीने तिचा जीव तुटायचा.

हिल्डाबरोबर गिरणीत काम करणारी त्सिला पाठदुखीसाठी तेल अविवला योगवर्गाला जाई. तिथे हिंदुस्थानातून वेदान्त शिकवणारे स्वामी आल्याचं कळलं, म्हणून हिल्डा एकदा सोबत गेली. स्वामी इंग्रजीत बोलत, कोणीतरी हिब्रूत सांगे. आत्मा एकच, म्हणे. हिल्डाने जांभई दिली. तेवढ्यात स्वामींच्या हातावर चहा सांडला आणि त्यांच्या तोंडून निघालं, "आये गो, भाजलं." ब्रह्म राहिलं बाजूला. हिल्डा ताठ बसली. हा हेल तिच्याच किनाऱ्याचा.

मग ती दर आठवड्याला जाऊ लागली. शेवटी धीर करून, त्सिलाखेरीज सगळे गेल्यावर तिने विचारलं, "स्वामी, तुमी रेवदंड्याकडचे काय?"

ते दचकले. "संन्याशाला गाव नसतं, बाई. नाव, गाव, आईबाप, सगळं सोडायचं. बोलायचंही नाही."

"तुमी खुशाल सोडा. माजं तर आपोआप सुटत चाललंय," हिल्डा म्हणाली. "माजा मेयर गेला. आता विचारू कोनाला? बंदरावरून वाडीकडं वळताना काय होतं, एवढंच सांगा."

स्वामींनी डोळे मिटले. दाराशी उभ्या त्सिलाला वाटलं, ध्यान लागलं. हिल्डाला त्यांची हनुवटी थरथरताना दिसत होती. नेम मोडायला लावतोय आपण, हे कळूनही ती हलली नाही.

"उंडीचं झाड," ते पुटपुटले. "बुंध्याशी पार."

हिल्डा ढसाढसा रडली. स्वामी म्हणाले, "आता त्या पारावर कोण बसायचं, ते मात्र विचारू नका."

तिने कुठे विचारलं होतं?