नारबोदीसोबत जाळलेल्या बाटल्या

नवेगाव बांधाजवळच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत गुरुजी होतो. आता गुडघे चालू देत नाहीत आणि झोपही धड लागत नाही. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती सांगून टाकतो.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माश्या, डास, रोगराई सोबत नेणाऱ्या नारबोदीचा पुतळा शिवेबाहेर नेऊन जाळतात. ‘माश्या, मोंगसे घेऊन जा गे नारबोद’ असं ओरडत पोरं मागे धावतात. एकोणीसशे नव्व्याण्णव साली मला वाटलं, याच निमित्ताने मुलांना कीटक शिकवावेत. प्रत्येकाने धानाच्या बांधीतून, म्हणजे खाचरातून, बाटलीभर किडे आणायचे आणि नारबोदीसोबत जाळायचे. किडा म्हणजे पिकाचा वैरी, एवढंच माझं ज्ञान होतं. पोरांनी हाती लागले ते धरून आणले. चतुर, कोळी, ढालकिडे.

चौथीतली एक मुलगी आईसोबत निंदणाला जायची. ती बाटली घेऊन उभी राहिली.

“गुरुजी, हा चतुर तं दुसरे किडे खाते. म्या पायलं हाय. याले काऊन जाळता?”

“मग ये, तूच शिकव. मी खाली बसतो,” मी म्हणालो. वर्ग हसला.

शिवेवर तिने सगळ्यांदेखत बाटली उघडली आणि चतुर सोडून दिले.

दिवाळीच्या आधी धानावर तुडतुडा पडला. बांध्यांमध्ये करपलेले गोल चट्टे दिसू लागले. या पोरीने नारबोदीला तिचा वाटा दिला नाही, म्हणून हे झालं, असं गावात बोललं जाऊ लागलं. शाळेत तिला ‘नारबोद’ म्हणू लागले, मग हातपंपावरच्या बायकाही.

त्याच आठवड्यात कृषी सहायक आले. मी त्यांच्यासोबत बांधीत उतरलो. त्यांनी धानाचा चूड, म्हणजे रोपांचा झुबका, फाकवून बुडाशी बसलेले तुडतुडे दाखवले, आणि त्यांना खाणारा कोळीही. चतुरही हेच काम करतो, म्हणाले. तुडतुड्याचं खरं कारण दाट रोवणी आणि वारेमाप युरिया. बाटलीभर किड्यांनी काही होत नाही. मी ऐकून घेतलं. चावडीवर दोन वाक्यं बोललो असतो तर पुरलं असतं. पण मग बाटल्या कोणी भरायला लावल्या, हेही निघालं असतं. दिवाळीनंतर मुलगी शाळेत आली नाही. हजेरीत मी ‘सतत गैरहजर’ लिहिलं.

पुढच्या वर्षापासून बाटल्या बंद केल्या. मुलांना बांधावर बसवायचो, चूड फाकवून दाखवायचो. ‘मारायच्या आधी तो काय खातो ते पाहा,’ सांगायचो. बाहेरच्या शाळांचे गुरुजी बघायला यायचे, कौतुक करायचे. ती शिकवण त्या पोरीची होती. निवृत्त होईपर्यंत मी माझी म्हणून वापरली.

तिचं लग्न गावातच झालं. मागच्या महिन्यात तिच्या अंगणात जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

“तवा बोलाले पायजे होतं, गुरुजी. आता माह्या पोरीलेबी अंगणवाडीत नारबोदीची म्हणतेत.”

मग तिने मला चहा दिला. तो पिऊन मी घरी आलो आणि हे सगळं कागदावर लिहून काढलं.

येत्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हा कागद मी शिवेवर सगळ्यांसमोर वाचणार आहे. तिथवर चालत जाणं आता जमत नाही. कुणाच्या तरी बैलबंडीत बसून जाईन.