चारूने दारू भरली त्याची गोष्ट

चारुदत्त केळकरने पुण्यात घरातला बल्बसुद्धा कधी बदलला नव्हता. परदेशात, पापाकुऱ्यात आल्यावर त्याने लॉनमोअर आणला, ड्रिल आणलं, पाण्याच्या झोताने भिंती धुणारा वॉटरब्लास्टर आणला. वापरायला मृणालिनी, म्हणजे त्याची बायको, होतीच. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत क्वालिटी मॅनेजर. दुसऱ्याच्या चुका काढणं हा त्याचा पेशा, आणि मृणालिनीच्या मते छंदसुद्धा.

ऑफिसातल्या दोघांच्या नादाने तो पिस्तूल क्लबात गेला. लायसन्स, तपासण्या, पिस्तूल ठेवायला तिजोरी असे सगळे सोपस्कार निमूटपणे केले. मग त्याच्या लक्षात आलं, की क्लबातले जुने मेंबर दुकानातली काडतुसं वापरतच नाहीत. झाडलेल्या पितळी पुंगळ्या वेचून घरी नेतात आणि पुन्हा भरतात. झालं! दुकानातलं काडतूस त्याला विकतच्या पुरणपोळीसारखं वाटायला लागलं.

क्लबातल्या विरेमु नावाच्या निवृत्त बसड्रायव्हरने त्याला एक दुपारभर शेजारी बसवून शिकवलं. निघताना म्हणाला, "फोन बंद, रेडिओ बंद आणि तोंड बंद." यातल्या पहिल्या दोन सूचना चारुदत्तने लिहून घेतल्या.

शनिवारी दुपारी तो गॅरेजमध्ये उभा राहिला. डोळ्यांवर सेफ्टी गॉगल, पुढ्यात पुंगळीत गोळी दाबून बसवायचं हँडलवालं यंत्र, भिंतीवर बेचाळीस कलमांची चेकलिस्ट. सहा महिन्यांसाठी आलेली त्याची आई, शुभाताई, दारातल्या उन्हात खुर्ची टाकून पुण्याच्या बहिणीशी फोनवर बोलत होती.

"अगं, चारू ना? गॅरेजमध्ये दारू भरतोय."

"भरदिवसा?" पलीकडून बहीण किंचाळली.

"आई! बंदुकीची दारू म्हण!" चारुदत्त ओरडला. आईने फोन ठेवला आणि ती चौकशीला आत आली. त्याला तेच हवं होतं.

"हे बघ, पुंगळीच्या बुडाशी ही टिकली. ती पेटली की आतली दारू पेटते, आणि वरची गोळी सुटते. सगळा प्रोसेसचा खेळ आहे. लोक चुका का करतात? सिस्टिम नसते म्हणून." असं म्हणत तो ठोकळ्यावर ओळीने उभ्या केलेल्या पुंगळ्यांमध्ये मापाने दारू ओतत होता. मधेच वळून त्याने चेकलिस्टवरचं सतरावं कलम आईला वाचून दाखवलं, आणि पुन्हा ओतू लागला.

शुभाताई चष्मा सावरून वाकल्या. "चारू, ह्या एकीत काहीच नाहीये रे."

"आई, हात लावू नकोस. सिस्टिम आहे."

"हात कुठे लावतेय? बघतेय नुसती. आणि तिच्या शेजारची बघ, गळ्यापर्यंत आलीय."

त्याने वैतागून टॉर्च मारला. एक पुंगळी रिकामी होती. शेजारचीत माप दोनदा पडलं होतं. रिकामीतली गोळी नुसत्या टिकलीच्या जोरावर सुटून नळीतच अडकली असती. दुसरीने पिस्तूल हातातच फुटलं असतं. त्याने टॉर्च विझवला, पुन्हा लावला. आतलं चित्र तेच होतं. गॉगलच्या आत घाम साचला.

"काय झालं रे?"

"काही नाही."

त्याने सगळ्या पुंगळ्यांतली दारू परत डब्यात ओतली. मग आईची खुर्ची स्वतः उचलून टेबलाजवळ आणली.

"तू जरा इथेच बसतेस? मी बोलायला लागलो तर मला थांबव."

"लहानपणापासून तेच करतेय," शुभाताई म्हणाल्या आणि बसल्या.

रात्रीच्या जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा बारा काडतुसं तयार झाली. रविवारी क्लबात बाराच्या बारा उडाली. तीन गोळ्या टार्गेटच्या कडेला लागल्या, बाकीच्या मागच्या मातीच्या बांधात गेल्या. "उडाली ना सगळी? स्वीट अ‍ॅज," म्हणजे तिथल्या बोलीत झकास, असं म्हणत विरेमुने त्याच्या पाठीवर थाप मारली. आदल्या दिवशीची हकिगत सांगायला चारुदत्तने तोंड उघडलं होतं. ते त्याने मिटलं.

सोमवारी ऑफिसात मात्र त्याने 'दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळणी' या विषयावर अर्धा तास प्रेझेंटेशन दिलं. अकरा स्लाइड होत्या. आईचं नाव त्यातल्या एकीवरही नव्हतं.