अक्काची दुपार

म्हैसूरला मी राजवाडा बघायला गेले नव्हते, झोपायला गेले होते. मिरजेला गाडीत बसतानाच ठरवलं होतं, की दुपारी जेवणं झाली की अक्काच्या शेजारी आडवं व्हायचं आणि गप्पा मारता मारता डोळा लागू द्यायचा. लग्नाआधी आम्ही दोघी बहिणी तशाच झोपायचो. आता दोघींची साठी उलटली, तेव्हा असल्या चैनी पुढे ढकलण्यात काही अर्थ नव्हता.

अक्काचं घर गोकुलममध्ये. सासरची माणसं कित्येक पिढ्या इथलीच, त्यामुळे त्यांची मराठी निम्मी कानडी असते. पहिल्या दुपारी गरम भात आणि हुळी (डाळ-भाज्यांची चिंच घातलेली आमटी) असं जेवण झालं आणि भाऊजींनी चापे (चटई) अंथरली. भाचा श्रीकांत घरूनच काम करतो, तोही लॅपटॉप मिटून पलीकडच्या खोलीत लवंडला. समोरच्या किराणावाल्यानं शटर अर्धं ओढलं. लाल कोब्याचा गारवा पाठीला लागला, प्रवासाचा शीण उतरू लागला, आणि या गावाला दुपारची कदर आहे म्हणून मी मनोमन खूश झाले. शेजारची जागा मात्र रिकामीच राहिली.

बेल वाजली तेव्हा जाग आली. दारात कुरियरवाला होता आणि अक्का त्याच्याशी दबक्या आवाजात बोलत होती. तो गेला, मग फुलवाली आली. तीही गेल्यावर अक्का दाराजवळच्या स्टुलावर बसून घेवड्याच्या शेंगा सोलू लागली. चार वाजता तिनं प्रत्येकाच्या उशाशी कॉफी नेऊन ठेवली. ही आडवी का झाली नाही, असं मी विचारलं, तर भाऊजी कौतुकानं म्हणाले, "नोडु (बघ), तुझ्या अक्काला दुपारी निद्दे (झोप) येतच नाही. पहिल्यापासून."

पहिल्यापासून? माहेरी हिच्या तोंडावर पाणी शिंपडल्याशिवाय ही उठत नसे. मी तसं म्हणाले, तर अक्कानं नुसतं हसून विषय बदलला. दुसऱ्या दिवशी तिला हाताला धरून चटईवर ओढलं, तर "बेडा (नको) गं, कुणी दारात आलं तर यांची झोप मोडेल," म्हणून हात सोडवून गेली. माझं डोकंच फिरलं. घरात दोन धडधाकट पुरुष घोरत पडलेत आणि दार राखायला ही एकटी!

संध्याकाळी रागारागात फिरायला निघाले, तर रस्त्यात खांद्यावर योगासनांची मॅट अडकवलेली परदेशी पोरं-पोरी भेटली. सातासमुद्रापलीकडून पैसे खर्चून ही मंडळी इथं शवासन शिकायला येतात. आणि दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माझ्या बहिणीला फुकटात पाठ टेकता येत नाही! घरी येऊन मी हे बोलून दाखवलं. कुणी मनावर घेतलं नाही. श्रीकांत तेवढा म्हणाला, "मावशी, अम्माला सवय आहे."

रविवारी सगळे टी. नरसीपूरला गेलो. कावेरी आणि कबिनीच्या संगमावर पाणी शांत होतं, ऊन मात्र चटके देत होतं. पोहोचायला उशीर झाला आणि तिथलं देऊळ बंद झालेलं. पुजाऱ्यानं सांगितलं, देवाची विश्रांतीची वेळ आहे, संध्याकाळी या. म्हणजे देवालासुद्धा दुपारची झोप मिळते! घाटावर झाडाखाली बसून डब्यातला मोसरन्न (दहीभात) खाल्ला. इथं ना बेल होती, ना फुलवाली. अक्कानं डबा बंद केला, बुंध्याला डोकं टेकलं आणि पुढच्या क्षणी ती गाढ झोपली. कपाळावरची आठी पुसली गेली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला ती माझी अक्का वाटली.

हात धुऊन आलेले भाऊजी म्हणाले, तिला उठव, घरी कॉफीच्या वेळेला पोहोचायला हवं.

"उठवणार नाही," मी म्हणाले. "हिला झोप येत नाही ना? मग ही काय करतेय?"

ते तिच्याकडे बघत राहिले. मग पायरीवर बसले आणि हळूच म्हणाले, "मला कसं कळणार गं? त्या वेळी मी झोपलेला असतो अल्ला (ना)."

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघं तिच्याभोवती बसून राहिलो. जाग आली तेव्हा अक्का धडपडून उठली आणि पदर सावरत सगळ्यांची माफी मागू लागली. कसली माफी? मला इतका संताप आला, की रिकामा डबा उचलून मी तडक गाडीत जाऊन बसले.

मिरजेला परतल्यावर चार दिवसांनी मुद्दाम तीनच्या सुमाराला फोन केला. भाऊजींनी उचलला आणि कुजबुजले, "ती झोपलीय. मी दाराशी बसलोय. नंतर कर." आणि माझं पुढचं न ऐकता फोन ठेवला. कुणी असा फोन ठेवला म्हणून मला पहिल्यांदाच आनंद झाला.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. मी म्हटलं, झोप झाली का छान?

"छे गं," ती घाईघाईनं म्हणाली, "झोपले कुठे? नुसतीच पडले होते."

आवाज झोपेनं जड झालेला होता, आणि तरी ती कबूल करायला तयार नव्हती.